खांब नंबर सतरा

पूर्णगडच्या खाडीकडे उतरताना
वळणावर सतरा नंबरचा खांब आहे.
चैत्रात त्यावर मीच चढलो होतो.
पिवळा बल्ब काढला, पांढरा दिवा बसवला.
सरपंच म्हणाले, वा, सुई पडली तरी दिसेल.
सुई कुणाची पडली नाही.

आश्विनात सुलोचना रांबाडे
वीज कंपनीच्या कचेरीत आली, पायाला चिखल तसाच.
वायरमन, माजं भात बघायला चल.
म्हटलं, काकी, मी तारा बघतो.
म्हणाली, त्याच बघायला चल.

खारातलं गरवं भात, लाल कुसळांचं,
सगळं निसवलेलं. दाण्यात दूध.
आणि मधेच, खांबाखाली,
चार-पाच गुंठ्यांचं हिरवंगार रिंगण.
कमरेच्या वर गेलेलं, पोटरीचा पत्ता नाही.
पानंच पानं,
जसा काही अजून श्रावण सरलाच नाही.

कुणी म्हणालं बियाणं भेसळीचं,
कुणी म्हणालं युरिया उतू गेला,
एकीनं काही न बोलता
शेजारच्या बांधाकडे नजर टाकली.
तोवर वाडीत दोन घरांचं बोलणं तुटलं होतं.

दाऊद होडेकर सायकल टेकवून उभा होता,
कॅरियरवर अंड्यांचे ट्रे.
दिवस आखडले की माझ्या कोंबड्या रुसतात, म्हणाला.
मग मी पहाटे तीनला खुराड्यात बल्ब लावतो.
त्यांना वाटतं वैशाख आला.
मी कोंबड्यांना फसवतो, काकी,
तुझ्या भाताला हा खांब फसवतोय.
फक्त उलटं.

उलटं म्हंजे?

उलटं म्हणजे, ह्याला रात्र लागते.
लांब. मधे न मोडलेली.

त्या रात्री मी एकटाच बांधावर गेलो.
उजेड जिथे संपत होता
तिथूनच लोंब्या सुरू होत होत्या.
इतकी नेमकी कड
मी मीटरच्या काट्यातही पाहिली नव्हती.

भाद्रपदापासून दिवस रोज पाऊणएक मिनिट कमी होतो.
मला कधी जाणवला नाही,
हजेरीपटात त्याला रकाना नाही.
पण खारातल्या काडीकाडीनं तो मोजला होता.
कुठल्याशा थंड तळ्यावर कुरवांनीही मोजला असणार,
नाहीतर कालपर्यंत रिकाम्या पुळणीवर
आज हे इतके पांढरे ठिपके
कुणी बोलावून आणले?
माझ्या दिव्याखालचं भात तेवढं
अजून पहिल्याच आकड्यावर अडलेलं.

दिवा बंद करायला अर्ज लागतो.
अर्जाला कारण लागतं.
मी लिहिलं, भाताची झोपमोड.
साहेबांनी खोडून तांत्रिक बिघाड केलं.
आठवडाभर अंधार, मग ओरड सुरू झाली:
मच्छीवाल्या बायका पहाटे ठेचकाळतात,
कुणाचा जावई गटारात गेला.
शेवटी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
दिव्याला आडोसा बांधला.
रस्त्याला उजेड, शेताला रात्र.
पत्र्यावर अजून अर्धं सूर्यफूल आहे,
खालून दिसतं.

मार्गशीर्षात रिंगण निसवलं.
तोवर पाणी आटलेलं, खार वर चढलेला,
बाकी शेत कापून झालेलं,
मग गावभरच्या मुनिया तिथेच उतरल्या.
निम्म्याहून जास्त पळंज.
काकीनं ते वेगळं कापलं, वेगळं झोडलं,
आणि कांडून पायलीभर तांदूळ
माझ्या ओट्यावर आणून ठेवला.
बियाला नको ठेवलं, म्हणाली,
ह्याला येळेचं भान नाय.
तूच खा.

बावीस वर्षं मी रात्रपाळी करतो.
दिवसा खिडकीला गोणपाट लावून पडतो,
झोप येतेच असं नाही.

त्या तांदळाची पेज केली. लाल, दाट.
पानावर बसताना उठलो
आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला.
बायकोनं विचारलं, लाईट गेली काय?
म्हटलं, हो.
आणि आम्ही चाचपडत जेवलो.